कुंडी बदलल्यानंतर सूचिपर्णी झाड तपकिरी पडू लागले तर कारण कसे शोधावे

सूचिपर्णी झाडाची कुंडी बदलली आणि काही आठवड्यांत त्याच्या सुया तपकिरी पडू लागल्या, की बहुतेक जण एका दमात तीन गोष्टी करतात: पाणी वाढवतात, खत घालतात आणि बुरशीनाशक फवारतात. त्यांपैकी एखादी गोष्ट बरोबर असेलही. पण कारण न शोधता तिन्ही एकत्र केल्या, तर झाड सावरले तरी कशामुळे सावरले ते कळत नाही आणि दगावले तर उपायांमुळेच दगावले असण्याची शक्यता मोठी असते. पुढील तपासणी पाइन, ज्युनिपर, सायप्रस, मोरपंखी, देवदार, स्प्रूस, अराऊकॅरिया अशा कुंडीत वाढवलेल्या कोणत्याही सूचिपर्णी झाडाला लागू पडते, आणि ती ज्या क्रमाने सांगितली आहे त्याच क्रमाने करावी, कारण सुरुवातीच्या पायऱ्यांनी झाडाला काहीच इजा होत नाही, शेवटच्या पायऱ्यांनी मात्र होऊ शकते.

रंग उशिरा बदलतो

रुंद पानांच्या झाडाची मुळे काम करेनाशी झाली, की पाने दोन दिवसांत माना टाकतात. सूचिपर्णी झाडाच्या सुया तशा मलूल होत नाहीत. त्यांच्यावर मेणासारखे जाड आवरण असते, त्यांची छिद्रे आत खोल दडलेली असतात आणि आतला भाग ताठ असतो, त्यामुळे पाण्याचा पुरवठा तुटल्यावरही त्या कित्येक आठवडे हिरव्या दिसू शकतात. झाडापासून तोडलेली ज्युनिपरची फांदी पाण्यावाचून किती दिवस टवटवीत राहते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. याचा व्यवहारातला अर्थ असा, की आज दिसणारा तपकिरी रंग आजच्या चुकीचा नसून काही आठवड्यांपूर्वीच्या घटनेचा असतो. कालच्या पाण्याशी किंवा परवाच्या उन्हाशी त्याचा संबंध जोडण्याआधी मागे जाऊन पाहावे.

म्हणून पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. कुंडी कधी बदलली, मुळांभोवतीची माती किती झाडली, मुळे छाटली का, धुतली का, नवे मिश्रण कशाचे केले, नवी कुंडी जुनीपेक्षा किती मोठी होती, झाडाची जागा बदलली का, खत कधी आणि किती घातले, आणि पहिली तपकिरी सुई कधी दिसली, हे सगळे आठवून लिहावे. कुंडी बदलल्यावर दोन-चार दिवसांतच रंग गेला असेल, तर मूळ कारण बहुधा त्याआधीचे असते, किंवा सावलीतले झाड एकदम कडक उन्हात आणून ठेवलेले असते. तीन ते आठ आठवड्यांनी रंग जाऊ लागला असेल, तर संशय आधी मुळांवर आणि पाण्यावर घ्यावा.

तपकिरी रंग झाडाच्या कोणत्या भागात आहे

दुरून पाहिले तर सगळे झाड सारखेच तपकिरी वाटते. जवळ जाऊन फांदी बोटांनी बाजूला करून पाहावी. तपकिरी सुया खोडाजवळ, फांदीच्या आतल्या बाजूला असतील, टोकाकडच्या सुया मात्र ताज्या आणि लवचीक असतील, तर बहुतांश वेळा काळजीचे कारण नसते. सदाहरित म्हणवणाऱ्या झाडाच्याही सुया कायमच्या नसतात. त्या काही वर्षे टिकतात आणि मग सर्वांत जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात. कुंडी बदलण्याचा ताण बसला की ही गळ जरा लवकर आणि जरा जास्त होते. मोरपंखी आणि सायप्रसमध्ये आतल्या अंधाऱ्या भागातली बारीक डहाळीच्या डहाळी वाळून पडते, ते पाहून नवखा माणूस घाबरतो.

थंडीच्या दिवसांत क्रिप्टोमेरिया, काही ज्युनिपर आणि मोरपंखीचे काही प्रकार तांबूस किंवा जांभळट छटा धरतात आणि उष्मा वाढला की पुन्हा हिरवे होतात. लार्च, मेटासेक्वोया आणि टॅक्सोडियम ही तर पानगळीचीच झाडे आहेत; शरद ऋतूत ती तांबूस होऊन पूर्ण उघडी पडली, तर ते त्यांचे नेहमीचे वागणे आहे. आपले झाड नेमके कोणते आहे हे ठाऊक नसेल, तर पुढची सगळी तपासणी चुकीच्या पायावर उभी राहते.

टोकापासून आत येणारा तपकिरी रंग ही वेगळी गोष्ट आहे. संपूर्ण झाडावर, विशेषतः शेंड्याकडे आणि फांद्यांच्या टोकांना तो एकसारखा असेल, तर मुळांकडून पाणी पोहोचत नाही असे समजावे, मग ते माती कोरडी असल्यामुळे असो वा मुळे कुजल्यामुळे. या दोन अगदी विरुद्ध कारणांचे वरचे लक्षण एकच असते, आणि घोटाळा इथेच होतो. फक्त एका बाजूच्या सुया भाजल्यासारख्या दिसत असतील, तर ती बाजू उन्हाकडे, वाऱ्याकडे किंवा तापणाऱ्या भिंतीकडे आहे का ते पाहावे. एकच फांदी बुडापासून टोकापर्यंत गेली असेल, तर त्या फांदीच्या बुंध्याशी जखम, तारेने पडलेला करकोचा किंवा मोडलेली जागा शोधावी. ज्युनिपरसारख्या काही झाडांत ठरावीक मुळे ठरावीक फांद्यांनाच पोसतात, त्यामुळे एका बाजूची मुळे छाटली गेली की त्याच बाजूची फांदी वाळलेली दिसते. हिरव्या भागात मधूनच एखादे कोवळे टोक वाळलेले असेल, तर कीड किंवा बुरशी तपासावी लागते. तिच्याकडे पुढे येऊ.

फांदी जिवंत आहे का

तपकिरी सुया पुन्हा हिरव्या होत नाहीत. ती आशा सोडावी. प्रश्न सुयांचा नसून त्या ज्या डहाळीवर आहेत तिचा असतो. त्यासाठी धारदार चाकूच्या टोकाने किंवा नखाने पेन्सिलच्या टोकाएवढ्या जागेत साल हलकेच खरवडावी. सालीखालचा थर ओलसर आणि हिरवा किंवा हिरवट पांढरा असेल, तर डहाळी जिवंत आहे. तो कोरडा आणि तपकिरी असेल, तर ती त्या जागी मेलेली आहे. टोकापासून सुरुवात करून थोड्या थोड्या अंतराने बुंध्याकडे येत जावे, म्हणजे जिवंत भाग कुठे सुरू होतो ते कळते. बारीक डहाळी वाकवून पाहिली तरी अंदाज येतो: जिवंत डहाळी लवते, मेलेली कटकन मोडते.

यासोबत कळ्या पाहाव्यात. पाइन, स्प्रूस आणि फर यांच्या टोकांवरच्या कळ्या टणक आणि भरीव लागत असतील, तर सुया गेल्या तरी ते टोक पुढच्या हंगामात फुटू शकते. कळी दाबल्यावर आतून पोकळ लागली किंवा तिचा भुगा झाला, तर ते टोक गेलेले आहे. जिवंत आणि मृत भागाच्या सीमेवर रंगीत दोरा सैलसर बांधून ठेवावा आणि फोटो काढावा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक जाणवत नाही. दोन आठवड्यांनी सीमा दोऱ्याच्या पुढे सरकली की जागीच आहे, हे दोरा सांगतो, आणि उपायाला गुण येतो आहे की नाही हे ठरवण्याचा तोच खरा पुरावा असतो.

पाणी कुठे पोहोचते आहे

कुंडी बदललेल्या झाडांत सर्वाधिक गडबड इथे होते, म्हणून या पायरीला पुरेसा वेळ द्यावा. झाड जुन्या कुंडीतून काढून मोठ्या कुंडीत ठेवले आणि भोवतीच्या पोकळीत नवे मिश्रण भरले, की एकाच कुंडीत दोन निराळ्या माती तयार होतात. मधला जुना गोळा मुळांनी गच्च भरलेला असतो, बरेचदा पीट (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा) किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतो, आणि पीटचा गोळा एकदा पूर्ण वाळला की पाणी सहजासहजी शोषत नाही. भोवतीचे नवे मिश्रण सैल असते आणि त्यात अजून मुळे शिरलेली नसतात. झारीने घातलेले पाणी सोपा मार्ग धरते, नव्या भागातून झरझर उतरते आणि बुडाच्या भोकातून बाहेर येते. पाणी व्यवस्थित मिळाले असा आपला समज होतो आणि मुळे जिथे आहेत तो गोळा कोरडाच राहतो. उलटही घडते. जुना गोळा चिकणमातीचा आणि नवे मिश्रण भरड असेल, तर वरचा थर लवकर सुकतो, म्हणून रोज पाणी घातले जाते आणि मधला गोळा कायम चिखल राहतो.

वरची माती बोटाने चाचपून यांपैकी काहीच कळत नाही. त्यासाठी न रंगवलेल्या बांबूच्या दोन बारीक काड्या घ्याव्यात. एक खोडाजवळ जुन्या गोळ्यात आणि दुसरी कुंडीच्या कडेला नव्या मिश्रणात, दोन्ही कुंडीच्या निम्म्याहून खाली जातील इतक्या खोल खोचाव्यात. जाड मूळ आडवे आले तर जोर न लावता जागा थोडी बदलावी. १० ते १५ मिनिटांनी काड्या काढून शेजारी ठेवाव्यात. ओल लागलेला भाग गडद दिसतो आणि गालाला लावला तर गार लागतो. कडेची काडी ओली आणि मधली कोरडी निघाली, तर झाड पाण्यात उभे राहून तहानलेले आहे. दोन्ही काड्या वरपासून खालपर्यंत ओल्या निघाल्या, त्यांना चिखल चिकटला आणि आंबूस वास आला, तर मुळे कुजत असण्याची शंका धरावी.

मधला गोळा कोरडा असल्यास वरून जास्त पाणी ओतून उपयोग नाही. कुंडी पाण्याने भरलेल्या टबात अशी ठेवावी, की पाण्याची पातळी मातीच्या पातळीजवळ येईल, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ती तशीच राहू द्यावी. अर्धा ते एक तास बहुधा पुरतो. नंतर ती पूर्ण निथळू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी काडी पुन्हा लावून पाहावी. त्यानंतर काही आठवडे पाणी घालताना ते कडेला न घालता खोडाभोवतीच्या गोळ्यावर, हळूहळू, दोन-तीन वेळा थांबून घालावे. गोळ्याला बारीक काडीने काही भोके पाडली, तर पाणी आत जायला वाट मिळते.

पाणी साचते आहे का हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. पाणी घालून ते भोकातून ठिबकायचे थांबले, की कुंडी एका बाजूला चांगली तिरपी करावी. पुन्हा बरेच पाणी वाहू लागले, तर बुडाशी ओला थर साचतो आहे. असा थर प्रत्येक कुंडीत थोडाफार असतो. मिश्रणाचे कण जितके बारीक, तितका तो उंच. म्हणूनच बुडाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज खरा नाही: ओला थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे. निचरा हवा असेल तर सबंध मिश्रणच भरड असले पाहिजे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. जुनीपेक्षा फार मोठी कुंडी निवडली असेल, तर मुळांच्या आवाक्याबाहेरची माती आठवडा-आठवडा ओली राहते आणि कुजण्याची सुरुवात तिथून होते. कुंडीच्या प्रत्येक बाजूला दोन-तीन बोटे जागा वाढली तरी सूचिपर्णी झाडाला ती पुष्कळ होते.

मुळे पाहणे

काडीने कोरडेपणा दाखवला असेल, तर मुळे पाहण्याची गरज नाही. झाडाला पुन्हा हलवू नये. सतत ओल, आंबूस वास आणि दोऱ्याच्या पुढे सरकणारा तपकिरी रंग हे तिन्ही एकत्र दिसले, तरच झाड कुंडीबाहेर काढून पाहावे. खोड धरून उपसू नये. कुंडी आडवी करून, कडा थोपटून, सगळा गोळा एकसंध सरकवावा आणि कडेची व बुडाची मुळे पाहावीत.

इथे रंगावर फार भिस्त ठेवू नये, कारण कित्येक सूचिपर्णी झाडांची निरोगी जुनी मुळेही गडद तपकिरी असतात. बारीक मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूच ओढावे. निरोगी मूळ टणक लागते आणि त्याची साल जागची हलत नाही. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि मागे दोऱ्यासारखा बारीक गाभा उरतो. फायटॉप्थोरा आणि पिथियम हे पाणथळ मातीत बळावणारे रोगजंतू अशीच कुज आणतात. पाइनच्या मुळांवर मात्र पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली आणि तिला रानातल्या अळंबीसारखा वास असला, तर ती धुऊन टाकू नये. ती मुळांची सोबतीण असते, पाणी आणि स्फुरद मिळवून देते. कुंडी बदलताना पाइनची मुळे पाण्याने स्वच्छ धुतली गेली असतील, तर ही सोबत तुटल्यामुळेही झाड मंदावते. जुन्या गोळ्यातली मूठभर माती नव्या मिश्रणात मिसळावी, असे म्हणतात ते याचसाठी.

कूज आढळली तर मेलेली मुळे निर्जंतुक केलेल्या कात्रीने काढावीत, निरोगी मुळांना हात लावू नये आणि झाड भरड, झटपट निथळणाऱ्या मिश्रणात, उरलेल्या मुळांच्या मापाच्या कुंडीत लावावे. ही कुंडी आधीच्यापेक्षा लहान निघाली तरी हरकत नाही. बुरशीनाशकाच्या जोरावर पाणथळ मिश्रण तसेच ठेवणे म्हणजे खर्च करून कूज लांबणीवर टाकणे, असे माझे मत आहे.

झाड बाहेर काढलेलेच असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. खोड जिथे रुंदावून मुळांत उतरते तो भाग मातीच्या पातळीला दिसला पाहिजे. कुंडी बदलताना झाड खोल लावले गेले, की गाडलेली साल ओलीने कुजते. गोळ्याभोवती गोल गोल गुंडाळलेली मुळे असतील, तर नवे मिश्रण कितीही चांगले असले तरी ती त्यात शिरत नाहीत. पण आजारी झाडाची अशी मुळे आज सोडवत बसू नये, ते काम झाड सावरल्यानंतरच्या हंगामाचे आहे.

खत, ऊन, कीड

सुयांची फक्त टोके जळाल्यासारखी तपकिरी असतील आणि मातीवर किंवा कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसत असेल, तर क्षार साचले आहेत. छाटलेल्या मुळांना ताजे खत सोसत नाही, आणि अर्धवट कुजलेले शेणखत त्याहून नाही. कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून माती धुवावी आणि नवी फूट दिसेपर्यंत खत बंद ठेवावे. गडद रंगाची प्लास्टिकची कुंडी थेट उन्हात असेल, तर उन्हाकडची बाजू हाताला चटका देण्याइतकी तापते का ते पाहावे. मुळांभोवतीची माती ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, तर त्या बाजूची मुळे मरतात. कुंडीलाच सावली केली, तर हे टळते.

सुयांवर अतिशय बारीक पिवळट ठिपके असतील आणि झाड धुळीने माखल्यासारखे, फिकट दिसत असेल, तर डहाळीखाली पांढरा कागद धरून डहाळी दोन-तीनदा झटकावी. कागदावर टाचणीच्या टोकाहून लहान ठिपके चालू लागले, तर ते कोळी, म्हणजे सुयांतला रस शोषणारी बारीक कीड आहे. ताणाखालच्या झाडावर ते झपाट्याने वाढतात. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सुया खालून-वरून धुवाव्यात आणि काही दिवसांच्या अंतराने ते पुन्हा करावे. सरसकट कीटकनाशक फवारू नये, कारण त्याने कोळ्यांना खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी उलट वाढतात.

बुरशीजन्य करपा कोवळ्या टोकांवर येतो. ज्युनिपरमध्ये वाळलेल्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर राखाडी पट्टा आणि त्यात काळे सूक्ष्म ठिपके भिंगातून दिसतात. पाइनमध्ये तसेच ठिपके मेलेल्या सुयांच्या बुडाशी असतात. अशी टोके कोरड्या दिवशी जिवंत भागात थोडे आत जाऊन छाटावीत, प्रत्येक छाटणीनंतर कात्री स्पिरिटने पुसावी आणि पाणी सुयांवर न घालता मातीत घालावे. काळे ठिपके नसतील, तर बुरशीनाशक घेण्याचे कारण नाही.

त्यानंतरचे दिवस

कारण सापडून उपाय झाला, की झाडाला वाऱ्याच्या आडोशाला, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवावे. घरात आणू नये. तिथला मंद उजेड त्याला पुरत नाही. खोड हलत असेल तर ते कुंडीला बांधून स्थिर करावे, कारण प्रत्येक झोक्याला कोवळी नवी मुळे तुटतात. मुळे कमी झाली म्हणून हिरव्या फांद्याही छाटून तोल साधावा, असा सल्ला मिळतो. तो मानू नये. नवी मुळे घडवायला लागणारे अन्न त्याच हिरव्या सुया तयार करतात. तपकिरी डहाळ्याही, करपा नसेल तर, लगेच काढू नयेत. खरवडून मेल्याची खात्री झाली आणि पुढचा वाढीचा हंगाम येऊन गेला, की मग काढाव्यात.

सुया पूर्ण गेलेल्या जुन्या लाकडातून नवी फूट येण्याची अपेक्षा बहुतेक सूचिपर्णी झाडांकडून ठेवता येत नाही. यू आणि क्रिप्टोमेरिया हे अपवाद आहेत. पाइन, स्प्रूस, ज्युनिपर आणि मोरपंखीच्या उघड्या पडलेल्या फांद्या उघड्याच राहतात, म्हणून आकार नव्याने कसा बसवायचा याचा विचार उरलेल्या हिरव्या भागावरून करावा.

बुंध्याजवळ चारही बाजूंनी साल खरवडून आतला थर तपकिरी आणि कोरडा निघाला, तर झाड गेलेले आहे, मग वर काही सुया हिरव्या दिसत असल्या तरी. अशा वेळी गोळा फेकून देण्याआधी जुन्या करवतीने मधोमध उभा चिरावा. मधे कोरडी गाठ, बुडाशी काळा चिखल, की कडेच्या एकाच बाजूला मेलेली मुळे, यांवरून कारण स्पष्ट दिसते. कूज असेल तर ते मिश्रण पुन्हा वापरू नये, आणि कुंडी घासून एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणाने धुऊन उन्हात वाळवल्यावरच तिच्यात दुसरे झाड लावावे.